पहिली कळशी

त्या दिवशी अनुसूयाक्का घराबाहेर पडल्या त्या चुना आणि कारल्याचा वेल आणायला. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण. बेंगळुरात राहायचं आणि तो करायचा नाही, असं कसं चालेल? घरचा तांब्याचा हंडा चिंचेनं लख्ख घासायचा, गळ्याला कारल्याचा वेल बांधायचा, पोटावर चुन्याचे पट्टे ओढायचे आणि ताज्या पाण्यानं काठोकाठ भरायचा. दुसऱ्या दिवशीचं अभ्यंग त्याच पाण्याचं. चुना पन्नास पावलांवर मिळाला, पण वेलासाठी शिवाजीनगरचा सगळा बाजार पालथा घालावा लागला. एक भाजीवाला म्हणाला, "वेल कशाला अक्का, कारलीच न्या की." त्याला अक्कांनी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. बासष्टीची बाई, पण जीभ अजून तिखट होती. मन मात्र लोण्याचं, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या मनाचीच गोष्ट सांगायला बसलोय मी.

घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं मराठी घराणं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि 'स्वल्प थांब', 'सरी सरी' (म्हणजे बरं बरं) दोन्हीकडे. नवरा रघुपतीराव जाऊन सहा वर्षं झालेली. घरात मुलगा रघुनंदन, सून रूपश्री आणि आठ वर्षांची नात शिल्पाश्री, म्हणजे शिल्पू. रूपश्री सकाळी मारतहळ्ळीच्या ऑफिसला जायची ती ट्रॅफिकमधून पिळून निघून दिवेलागणीनंतर परत यायची. त्यामुळे शिल्पू वाढली ती अज्जीच्या मांडीवर. अक्कांचा जीव त्या पोरीत होता. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही. पोरगी शिंकली तरी ही बाई देवापुढे जाऊन बसायची आणि म्हणायची, काय घ्यायचं ते माझं घे, तिचं नको.

रघुनंदनची तऱ्हा वेगळी. चांगली नोकरी सोडून त्यानं कोल्ड फ्यूजनचं खूळ डोक्यात घेतलं होतं. सूर्याच्या पोटात जे होतं ते म्हणे एका स्टीलच्या नळकांड्यात करायचं, आणि तेही जाळाशिवाय. आत जड पाणी, पाण्यात पॅलेडियम नावाच्या धातूची तार, तारेतून थोडीशी वीज. टाकली तेवढीच ऊब आली तर त्यात कौतुक कसलं, गीझर तेच करतो. पण टाकल्यापेक्षा जास्त आली तर ती जास्तीची ऊब आयती मिळाली. तिच्यावर आधी आंघोळीचं पाणी, मग स्वयंपाक, मग हळूहळू सगळं घर चालवायचं. जगातल्या शहाण्या लोकांनी हे केव्हाच हसून सोडून दिलं होतं. रघुनंदनला शहाण्या लोकांचाच राग होता.

एचएसआर लेआउटमधल्या एका तळघरात बसून त्यानं अशी सात नळकांडी तयार केली. सहा मित्रांच्या घरी बसवली, सातवं स्वतःच्या. मागच्या बंद पडवीत हंडा होता, त्याच्या खालची लाकडाची चूल काढून टाकली, नळकांडं हंड्याच्या पोटात उभं केलं आणि भिंतीवर एक स्क्रीन लावला. त्यावर जास्तीच्या उबेचा आकडा दिसायचा. समोर एक जुना मोबाइल ठेवला, दिवसरात्र रेकॉर्डिंग करायला. आठ महिने सातही घरांचा आकडा एकच होता, शून्य. रघुनंदनच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. रूपश्रीनं बोलणं कमी केलं.

आता हंडा भरायची ह्या घराण्याची रीत नीट ऐका. पहिली कळशी कुणाच्याच नावची नसते. ती मुकाट्यानं ओतायची, ती हंड्याची. दुसरीपासून घरातल्या एकेकाचं पूर्ण नाव घ्यायचं, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, आणि एकेक कळशी घालायची. ओतणारीनं स्वतःचं नाव घ्यायचं नाही. तिच्या नावची दुसऱ्या कुणी ओतायची. मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या नावची कळशी बाहेर काढायची आणि लगेच, हात न थांबवता, आलेल्या सुनेच्या नावची आत घालायची. का, हे अक्कांनी एकदा सासूला विचारलं होतं. सासूनं पुढची कळशी ओतली आणि विषय संपला.

त्या संध्याकाळी पडवीत अक्का, शिल्पू आणि लक्ष्मीदेवी अशा तिघी होत्या. लक्ष्मीदेवी म्हणजे अकरा वर्षं घरातली धुणीभांडी करणारी बाई. तीच नळावरून कळश्या भरून आणत होती. हंडा नव्यासारखा झळकत होता. अक्कांनी पहिली कळशी उचलली आणि शिल्पू त्यांच्या हाताला लोंबकळली.

"अज्जी, पहिली माझी!"

"तसं नसतं गं राणी."

"नाही, पहिली माझीच! नाहीतर मी उद्या तेल लावून घेणार नाही!"

"अम्मा, पहिली हंड्याची ना?" लक्ष्मीदेवी हसत म्हणाली. अकरा वर्षांत तिला मोडकंतोडकं मराठी आणि घरातल्या सगळ्या रीती येत होत्या.

"असू दे गं, सणाचं पोराला रडवायचं का?" अक्का म्हणाल्या. आणि त्यांनी कळशी तिरपी केली. "ही शिल्पाश्री रघुनंदनची."

पाणी आत पडलं. बाकीच्यांची नावं मग रीतसर झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रघुनंदनच्या ओरडण्यानंच घर जागं झालं. स्क्रीनवर आकडा होता चोपन्न. चोपन्न वॉट म्हणजे काय हो, जुन्या काळच्या एका बल्बाएवढं. पण आठ महिन्यांच्या शून्यातून आलेलं ते चोपन्न! तो रडला, रूपश्रीला मिठी मारली, आईच्या पाया पडला. "आई, तू काय वेगळं केलंस?"

"मी काय करणार? पाणी भरलं," अक्का म्हणाल्या.

मित्रांच्या सहा घरी मात्र शून्य ते शून्यच होतं.

पुढच्या आठवड्यात शिल्पूचे हात गार पडायला लागले.

आधी सगळे म्हणाले, थंडी सुरू झाली आहे. पण पोरगी स्वेटर घालून बसायची आणि स्वेटरसुद्धा आतून गार असायचा. दोन रजयांखाली झोपवलं तरी सकाळी अंथरूण असं, की तिथे कुणी झोपलंच नव्हतं. आरशावर फुंकर मारली तर आरसा स्वच्छ. थर्मामीटरमध्ये कधी पस्तीस सेल्सिअस, कधी त्याच्याही खाली. डॉक्टरांनी रक्त घेतलं, थायरॉइड बघितलं, काही सापडलं नाही. आणि एक गोष्ट फक्त अक्कांच्या लक्षात आली. शिवाजीनगरचे ते डास, संध्याकाळी दार उघडं राहिलं की सगळ्यांना फोडून काढतात... ते शिल्पूला चावेनासे झाले. तिच्याशेजारी बसलेल्या अक्कांच्या पायाला लचके तोडायचे आणि पोरीच्या उघड्या हातावर एकही बसायचा नाही. डासाला जिवंत अंगाची ऊब लागते, हे कुणी सांगायला नको.

रघुनंदनला ह्यातलं काही दिसत नव्हतं. तो स्क्रीनपुढे बसून असायचा. चोपन्नाचा आकडा स्थिर नसायचा. दिवसभराची त्याची रेघ वरखाली जायची. "आई, ही बघ गंमत. रोज पावणेअकरा ते अकरा इथे टेकडी येते. आकडा दुप्पट होतो. रविवारी येत नाही. का येते, कुणाला कळत नाही."

अक्कांना कळलं. पावणेअकरा ते अकरा शिल्पूच्या शाळेची छोटी सुट्टी. पोरगी त्या वेळी मैदानावर पळत असते.

त्यांनी रविवारी दुपारी शिल्पूला पडवीबाहेर उभं केलं, हातात उडी मारायची दोरी दिली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या, जिथून दोन्ही दिसेल.

"मार उड्या."

शिल्पूनं उड्या मारल्या. चोपन्न, सत्तर, एकशे दहा, एकशे तीस.

"थांब."

आकडा उतरत उतरत पुन्हा चोपन्नावर आला. शिल्पू धापा टाकत होती, पण कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. "अज्जी, अजून मारू?"

"नको गं... नको." अक्का खाली बसल्या.

मुलाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "आई, प्लीज. परदेशातली माणसं येणार आहेत तपासायला, पुढच्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी. हे असलं त्यांच्यासमोर बोलू नकोस. पोरीला अशक्तपणा आहे, डॉक्टर बघतायत." रूपश्रीला सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "आई, मला आधीच झोप नाही, त्यात तुम्ही असं बोलू नका." मग अक्कांनी सांगणं सोडलं. माणसांपुढे डोकं आपटायचं तरी किती?

सोमवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर त्या पडवीत गेल्या. आधी नळकांड्याची वीज बंद केली. आकडा हललासुद्धा नाही. मग त्यांनी हंड्याचं देणं द्यायचं ठरवलं. शिल्पूचं नाव घेऊन एक कळशी काढली आणि तिच्या जागी मुकाट्यानं, कुणाचंही नाव न घेता एक कळशी घातली. स्क्रीनवर शून्य आलं. त्यांनी श्वास सोडला. सोडेपर्यंत चोपन्न पुन्हा आलं होतं. हंड्याला आता चव लागली होती, बिननावाचं पाणी त्याला चालेना.

तेव्हा ही बाई चिडली. म्हणाली, बघतेच तुझ्याकडे. तिनं हंड्याच्या बुडाची तोटी पूर्ण उघडली. पाणी भळाभळा मोरीत जायला लागलं. आकडा पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. हंडा अर्धा झाला आणि फोन वाजला. शाळेतून होता. प्रार्थनेच्या रांगेत शिल्पू कोसळली होती, ओठ निळे पडले होते, लवकर या.

अक्कांनी फोन टाकून तोटी बंद केली, हातात येईल त्या भांड्यानं नळाचं पाणी परत हंड्यात घातलं. रघुनंदन आणि रूपश्री शाळेतून परस्पर पोरीला घेऊन हॉस्पिटलात गेले. दुपारी रूपश्रीचा फोन आला. तेहतीस... तेहतीस आहे आई, गरम हवेचं पांघरूण घातलंय, गरम सलाइन लावलंय, तरी चढत नाही. डॉक्टर म्हणतात, असं आम्ही बघितलेलं नाही.

"रघू कुठाय?"

"इथेच. तो म्हणतोय, घरचं नळकांडं बंद नका करू."

मंगळवारी सकाळी शिल्पू बत्तीसवर आली.

अकराच्या सुमाराला लक्ष्मीदेवी कामाला आली तेव्हा अक्का पडवीत हंड्यापुढे मांडी घालून बसल्या होत्या. रात्रभर विचार करून त्यांनी वाट शोधली होती. मुलीची कळशी काढायची, सुनेची घालायची, हीच ती वाट. जागा रिकामी ठेवायची नाही, बिननावाची चालायची नाही. एकीचं नाव काढून दुसरीचं घातलं की पहिली सुटते. आणि दुसरी कोण, हे ठरलेलंच होतं. रोज देवाला सांगत होत्या, माझं घे. आता खरंच द्यायचं होतं. स्वतःचं नाव स्वतः घेता येत नाही, पण लक्ष्मीदेवी होती ना. ती घेईल.

"लक्ष्मी, इकडे ये गं. एक कळशी भरून आण."

तिनं कळशी भरून आणली. पोरीच्या काळजीनं तिचेही डोळे सुजले होते. काल तिनं गल्लीतल्या देवीला नारळ बोलला होता.

"मी एक कळशी काढीन. काढली की लगेच तू तुझी ओतायची, आणि ओतताना मी सांगते ते नाव घ्यायचं. सरी?"

"सरी अम्मा."

अक्कांनी हंड्यात कळशी बुडवली. "शिल्पाश्री रघुनंदनची." कळशी बाहेर आली. स्क्रीनवर शून्य आलं.

लक्ष्मीदेवीनं आपली कळशी काठावर टेकवली. "कुणाचं नाव घेऊ अम्मा?"

"म्हण... अनु..."

"अनु?"

आणि अक्कांचा आवाज बंद झाला. त्या निळ्या ओठांची त्यांना आठवण झाली. कितीही पांघरलं तरी ऊब न धरणारं अंथरूण आठवलं. ते आपलं व्हायचं, उद्यापासून, दिवसा आणि रात्री, मरेपर्यंत. बाईला भीती वाटली. बस्, एवढंच झालं. मोठं कारण शोधू नका, नव्हतंच. देवापुढे बसून माझं घे म्हणणं सोपं असतं हो. तिथे कुणी कळशी घेऊन उभं नसतं.

स्क्रीनवरचं शून्य थरथरलं. पाच झालं, बारा झालं. पुन्हा पोरीकडे निघालं होतं ते.

अक्कांनी लक्ष्मीदेवीच्या हातातली कळशी ओढून घेतली.

"तुझं पूर्ण नाव काय गं?"

"माझं?" लक्ष्मीदेवी गोंधळली. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "लक्ष्मीदेवी. लक्ष्मीदेवी मुनियप्पा."

"ही लक्ष्मीदेवी मुनियप्पाची," अक्का म्हणाल्या आणि कळशी हंड्यात उपडी केली.

लक्ष्मीदेवीनं पदर तोंडाला लावला. "माझं नाव... तुमच्या घरच्या हंड्यात, अम्मा?" आणि ती खाली वाकली, ह्या बाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडली. अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काढून घेता आला असता, पण ठेवला.

बारा वाजता फोन आला. छत्तीस पूर्णांक आठ. पोरगी उठून बसली होती, इडली मागत होती. घरच्या स्क्रीनवर एक्क्याऐंशी होतं.

पुढचे दिवस घरात सण होता. शिल्पू परत आली, दुसऱ्याच संध्याकाळी तिच्या गुडघ्यावर डास चावला आणि ती खाजवत बसली तेव्हा अक्कांना हुंदका आवरेना. रघुनंदन एक्क्याऐंशीच्या आनंदात नाचत होता. टेकडी आता पहाटे चारला यायची आणि सहापर्यंत राहायची. लक्ष्मीदेवी त्या वेळी दोन ऑफिसांच्या फरशा पुसायची, हे ह्या घरात एकट्या अक्कांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीदेवी म्हणाली, "अम्मा, स्वल्प थंडी वाजतेय."

अक्कांनी तिला जुना स्वेटर दिला. भरपूर आलं घालून कॉफी दिली. अशक्तपणा आहे, लोहाच्या गोळ्या घे, म्हणाल्या. पाचव्या दिवशी भांडी घासताना तिच्या बोटांतून ताट निसटलं तर म्हणाल्या, राहू दे, मी घासते. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कामवालीला एवढं जपणारी बाई बघितली नाही. अक्का ते ऐकून घ्यायच्या. सातव्या दिवशी लक्ष्मीदेवी आली नाही. तिचं घर चालत दहा मिनिटांवर. अक्का गेल्या नाहीत. उद्या जाऊ, म्हणाल्या.

आठव्या दिवशी दुपारी तिची मुलगी दारात आली. कुठल्याशा शिवणकामाच्या दुकानात काम करणारी, विशीतली पोरगी. आई सकाळी गेली, म्हणाली. सरकारी दवाखान्यात नेलं होतं, त्यांनी न्यूमोनिया लिहिलं. संध्याकाळी अग्नी देणार.

"शेवटपर्यंत तुमचंच नाव काढत होती, अम्मा," मुलगी म्हणाली. "म्हणायची, मला काही होत नाही. अम्मांच्या घरच्या हंड्यात माझं नाव आहे."

अक्कांनी दाराची चौकट धरली. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

त्या संध्याकाळपासून आकडा उतरायला लागला. दुसऱ्या सकाळी साठ, दुपारी चव्वेचाळीस. आणि शिल्पू शाळेतून आली ती बोटं काखेत दाबून. "अज्जी, हात गार पडले."

अक्का तिची बोटं चोळत होत्या तेव्हा रघुनंदन पडवीतून आला. त्यानं शिल्पूला बाहेर खेळायला पाठवलं आणि दार लावलं. चेहरा पांढराफटक. मोबाइल त्याच्या हातात होता.

"आई, मी रेकॉर्डिंग बघितलं. चोपन्न झालं त्या दिवसाचं. आणि एक्क्याऐंशी झालं त्या दिवसाचं."

अक्कांना एकदम हलकं वाटलं. कुणाला तरी कळलं. आता हा ओरडेल, घरातून हाकलेल, नळकांडं फोडेल... काही तरी करेल. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रघुनंदननं आईचे पाय धरले.

"आई, म्हणून सहा घरी चालत नव्हतं! तिथे कुणी नावच घेतलं नव्हतं!" त्याचा आवाज कापत होता, पण आनंदानं. "मी वेड्यासारखा तारा बदलत बसलो. आई, शुक्रवारी ती माणसं येतायत. आज बुधवार. इथला आकडा रात्रीपर्यंत तळाला जाईल, आणि मग..."

"मग काय, रघू?"

त्यानं दाराकडे बघितलं. बाहेर शिल्पूच्या सायकलची घंटी वाजत होती. "मग तो परत कुणाकडे जातो, ते तुलाच माहीत आहे."

"तू बाप आहेस तिचा."

"म्हणून तर तुला सांगतोय. इथलं एक नाव आजच लागेल. त्या सहा घरांची नंतर बघू, तूच येऊन भरशील." तो उठला, शर्ट नीट केला. "आणि हे बघ, नावं मला सांगू नकोस. मला माहीत नको. प्रयोग निष्पक्ष राहायला हवा."

एवढं बोलून तो जड पाण्याची बाटली बदलायला पडवीत निघून गेला.

अक्का पिशवी घेऊन बाहेर पडल्या. चार वाजले होते, गल्लीत लख्ख ऊन होतं. अर्धं आयुष्य ज्यांच्याशी हसून बोलल्या ती सगळी माणसं आपापल्या जागी होती. इस्त्रीवाला हात वर करून "नमस्कार अक्का" म्हणाला. त्याला तीन लहान पोरं. त्या पुढे गेल्या. रद्दीवाला म्हातारा दिसला. तो काय, दोन दिवससुद्धा पुरायचा नाही. हा हिशेब आपण इतक्या सहज करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, पण पाय थांबले नाहीत. शिल्पूच्या बोटांचा गारवा अजून तळहातात होता.

बसस्टँडच्या कोपऱ्यावर नागम्मा फुलवाली बसली होती. चाळिशीची, अंगानं भरलेली, मागेपुढे कुणी नाही. दहा-बारा दिवस गावाला गेली होती, कालच परतली. अक्कांना बघून तिचं तोंड फुललं. त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि मोगरा हातात घेऊन बघायला लागल्या.

"नागम्मा, तुझं पूर्ण नाव काय गं?"

नागम्मा खळखळून हसली. "अय्यो अक्का, आज काय आहे? सगळ्यांना नावंच हवीत!"

"सगळ्यांना?"

"सकाळी तुमची लक्ष्मीदेवी आली होती की! मी नुकतीच टोपली लावत होते. तीही अशीच बसली, इथेच, तुम्ही बसलायत तिथे."

अक्कांच्या हातातला मोगरा खाली पडला. काल संध्याकाळी लक्ष्मीदेवीला अग्नी दिला होता. धूर त्यांनी गच्चीवरून बघितला होता.

"बरं नाही का हो तिला?" नागम्मा म्हणाली. "अंग केवढं तापलं होतं! तिनं गजरा धरला, बघा, हा बघा, धरला तेवढा करपला. मी म्हटलं, अगं डॉक्टरकडे जा. तर म्हणते, आधी कळशीला एक नाव हवंय."

अक्कांनी टोपलीची कड धरली.

"माझं... माझं नाव विचारलं तिनं?"

मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, हो म्हण. नागम्मा, हो म्हण.

"तुमचं? छे! मी सांगायला लागले तर म्हणाली, अम्मांचं नको." नागम्मानं करपलेली फुलं तोडून बाजूला टाकली. "बाळाचं विचारत होती. म्हणे, इतकी वर्षं नुसतं शिल्पू शिल्पू म्हटलं, पूर्ण नाव काही ध्यानात राहिलं नाही. मी म्हटलं, शिल्पाश्री. बापाचं रघुनंदन."

तिनं मोगऱ्याची नवी लड उचलली आणि अक्कांसाठी मापायला घेतली.

"बरोबर सांगितलं ना, अक्का?"